पैसे आल्याची सूचना बंद पडली तर ते दुकानदाराला कोण सांगणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात जीएसटी, ई-इन्व्हॉइस, युपीआय यावर नेहमी काही ना काही येत असतं आणि मी ते आवर्जून वाचतो, पण एका गोष्टीवर अजून कुठंच काही वाचायला मिळालेलं नाही म्हणून हे पत्र. पत्र लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती, कारण अर्धवट छापलं तर वाचणाऱ्याला नुसती भीती बसेल आणि उपाय कळणार नाही.

सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, सोलापूर, कुठेही जा, आता छोटे व्यापारी आणि कारखानदारसुद्धा वेबसाइटवरून नाहीतर पेमेंट लिंक पाठवून पैसे घेतात. आणि मग कुणीतरी येऊन सांगतं की शेठ, पैसे आले की टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरात एंट्री आपोआप पडेल, त्यासाठी वेगळा माणूस ठेवायला नको. पेमेंट कंपनी आणि टॅली यांची जोडणी करून मिळते, पहिले काही महिने एंट्र्या व्यवस्थित पडतात, सगळे खूश. मग एक दिवस एंट्र्या पडायच्या थांबतात आणि ते कुणालाच कळत नाही, कारण एंट्री न पडल्याचा काही आवाज होत नाही. मी अकाउंट्स आणि सॉफ्टवेअर यांच्या जोडणीचंच काम करतो त्यामुळे अशी बंद पडलेली जोडणी दुरुस्त करायला माझ्याकडे लोक येतात, आणि दर वेळी वाटतं की हे सगळं आधीच टाळता आलं असतं, फक्त विकत घेताना काय विचारायचं ते त्या माणसाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आधी ही आपोआप एंट्री होते कशी ते सांगतो. दुकानात युपीआयचा तो बोलणारा डबा असतो ना, "दोनशे रुपये प्राप्त झाले" म्हणणारा, तो का लागतो? कारण लोक खोटे स्क्रीनशॉट दाखवून माल घेऊन जातात. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर काय दिसतंय यावर विसंबायचं नाही, पेमेंट कंपनीकडून थेट आवाज आला तरच पैसे आले असं धरायचं. अकाउंटिंगच्या जोडणीत हेच काम वेबहूक करतो. पैसे जमा झाले, रिफंड गेला, नवीन इन्व्हॉइस तयार झालं, अशी काही घटना घडली की त्या कंपनीचा सर्व्हर आपण दिलेल्या एका वेब पत्त्यावर स्वतःहून निरोप पाठवतो. ही कल्पना काही आजची नाही, जेफ लिंडसे नावाच्या प्रोग्रॅमरने २००७ मध्ये तिला हे नाव दिलं आणि आज जगभरातली बहुतेक पेमेंट आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअर्स याच पद्धतीनं एकमेकांशी बोलतात. दुसरी पद्धत म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरने दर थोड्या वेळानं विचारत राहायचं, काही नवीन आलं का, काही नवीन आलं का. त्यात वेळ जातो आणि वर मर्यादाही असते, न्यूझीलंडची झीरो ही अकाउंटिंग कंपनी एका व्यवसायाच्या खात्यासाठी मिनिटाला ६० च्या वर प्रश्न विचारू देत नाही. त्यामुळे निरोपाची पद्धत चांगलीच आहे, माझी तक्रार पद्धतीबद्दल नाहीच, ती अर्धीच बसवून पूर्ण पैसे घेण्याबद्दल आहे.

आता निरोप येणारा तो पत्ता इंटरनेटवर उघडा असतो. ज्याला पत्ता माहीत आहे तो कुणीही तिथं "अमुक ऑर्डरचे पैसे आले" असा खोटा निरोप टाकू शकतो, आणि समोरचं सॉफ्टवेअर भोळं असेल तर पावती फाडून माल रवाना करायचा हुकूम पण देऊन टाकेल. यासाठी प्रत्येक निरोपासोबत एक सही येते. कंपनी आणि आपण दोघांनाच माहीत असलेला एक सिक्रेट असतो, तो आणि निरोपाचा मजकूर मिळून एचमॅक एसएचए-२५६ या पद्धतीनं एक आकडा काढतात, आपणही आपल्याकडे तोच हिशोब करायचा आणि दोन्ही जुळलं तरच निरोप खरा. पेमेंट गोळा करून देणारी रेझरपे, झीरो, आणि क्विकबुक्स हे अमेरिकन अकाउंटिंग सॉफ्टवेअर, सगळे हेच करतात. इथं एक चूक मला वारंवार दिसते ती म्हणजे आलेला मजकूर आधी उलगडायचा, परत बांधायचा आणि मग सही तपासायची. मधे एखादी स्पेस इकडची तिकडे झाली की सही जुळत नाही, मग प्रोग्रॅमर वैतागतो आणि सही तपासायची ओळच काढून टाकतो, "नंतर लावू" म्हणून. ती नंतर कधीच लागत नाही. मजकूर जसा आला तसाच, एक अक्षर न हलवता, सहीच्या हिशोबात घ्यायचा, एवढंच करायचं असतं.

झीरोची एक पद्धत मला फार आवडते. तुम्ही पत्ता दिला की तो लगेच चालू होत नाही, आधी ते मुद्दाम काही निरोप बरोबर सहीचे आणि काही चुकीच्या सहीचे पाठवतात. बरोबरला २०० (म्हणजे मिळालं) आणि चुकीच्याला ४०१ (म्हणजे ओळख पटली नाही) असं उत्तर आलं तरच पत्ता मंजूर. म्हणजे जो आंधळेपणानं सगळ्याला हो म्हणतो त्याला दारातच अडवतात. शिवाय झीरोच्या निरोपात रक्कम नसतेच, फक्त एवढंच असतं की अमुक संस्थेच्या अमुक इन्व्हॉइसमध्ये बदल झाला, रक्कम किती, बाकी किती ते आपण स्वतः जाऊन विचारायचं. क्विकबुक्सचंही तसंच, कुठल्या कंपनीत कुठल्या नोंदीला काय झालं एवढाच इशारा. माझ्या मते हीच खरी समज आहे, निरोप म्हणजे पावती नव्हे, निरोप म्हणजे जाऊन बघ असं सांगणं. आपल्याकडे ज्या गेटवेंच्या, म्हणजे गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन आपल्याला देणाऱ्या पेमेंट कंपन्यांच्या, निरोपात सगळी रक्कम, नाव, नंबर भरलेले असतात तिथंसुद्धा एंट्री टाकण्याआधी एकदा उलट विचारून खात्री करायला काहीच हरकत नाही.

पुढचा मुद्दा वेळेचा. निरोप देणारा फार वेळ दारात उभा राहत नाही. झीरो आणि रेझरपे दोघंही पाच सेकंदांत उत्तराची अपेक्षा करतात. आता ज्यांनी घाईनं जोडणी केलेली असते त्यांचा प्रोग्रॅम निरोप आला की तिथल्या तिथं टॅली उघडायचा प्रयत्न करतो, पार्टी म्हणजे गिऱ्हाइकाचं खातं शोधतो, बिल शोधतो, व्हाउचर म्हणजे एंट्री टाकतो, मेल पाठवतो आणि मग सावकाश म्हणतो मिळालं. तोवर पाच सेकंद होऊन गेलेले असतात, पलीकडचा समजतो निरोप पोचलाच नाही, आणि तो पुन्हा पाठवतो. झाल्या दोन एंट्र्या. म्हणून आलेला निरोप सही तपासून आधी एका रांगेत ठेवायचा, लगेच मिळालं म्हणायचं आणि एंट्रीचं काम मागाहून करायचं. आणि एवढं करूनही तोच निरोप दोनदा येऊ शकतो, हे त्या कंपन्या स्वतःच त्यांच्या माहितीत लिहितात, निरोप किमान एकदा येईल एवढीच हमी असते, एकदाच येईल अशी नसते. क्रमाचीही हमी नसते, पैसे जमा झाल्याचा निरोप आधी आणि पैसे अडवून ठेवल्याचा निरोप नंतर असंही होतं. रेझरपेच्या प्रत्येक निरोपाला स्वतःचा एक इव्हेंट आयडी असतो, तो जपून ठेवला आणि आधी येऊन गेलाय का एवढं पाहिलं तरी डबल एंट्रीचा त्रास संपतो.

डबल एंट्री म्हणजे डिलीट करून टाकू, असं कुणाला वाटेल. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर तेवढं सोपं नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये असा नियम आहे. टाकलेली, बदललेली, काढलेली एंट्री सगळी एडिट लॉगमध्ये दिसते आणि ऑडिटर विचारतो की या एवढ्या पावत्या टाकून का काढल्या. उत्तर देता देता मालकाचा जीव जातो, आणि खरं उत्तर एवढंच असतं की प्रोग्रॅमने मिळालं म्हणायला उशीर केला.

आता आपल्याकडची खरी अडचण सांगतो जी परदेशातल्या लोकांना येत नाही. झीरो किंवा क्विकबुक्स ऑनलाइन इंटरनेटवरच असतात, पण आपल्याकडची टॅली बहुतेक ठिकाणी दुकानातल्या नाहीतर ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर असते. त्या कॉम्प्युटरला बाहेरून पत्ताच नाही, तो राउटरच्या मागे, रात्री नऊला शटर खाली केलं की बंद. टॅलीशी बोलायची सोय आहे, टॅलीप्राइमच्या कनेक्टिव्हिटी सेटिंगमध्ये जाऊन पोर्ट ९००० (प्रोग्रॅमला बोलायचं दार) चालू केला की त्याच कॉम्प्युटरवरचा दुसरा प्रोग्रॅम तिला एक्सएमएल या ठरावीक मांडणीत व्हाउचर देऊ शकतो, पण त्यासाठी टॅली उघडी पाहिजे आणि बरोबर कंपनी लोड असली पाहिजे. आता रात्री अकरा वाजता कुणीतरी अंथरुणात पडल्या पडल्या पेमेंट लिंकवर पैसे भरतो, निरोप निघतो, आणि दुकानातला कॉम्प्युटर झोपलेला. निरोप थेट दुकानाच्या कॉम्प्युटरवर आणायचा प्रयत्न काही जण करतात, राउटरमध्ये पोर्ट उघडून देतात. हे तर अजिबात करू नये, हिशोबाच्या वह्या रस्त्यावर उघड्या टाकण्यासारखंच ते आहे.

बरोबर रीत अशी की मधे एक छोटा सर्व्हर असावा जो चोवीस तास जागा असतो, निरोप तो घेतो, सही तपासतो, रांगेत ठेवतो. सकाळी दुकान उघडलं, टॅली चालू झाली की दुकानातला छोटा प्रोग्रॅम त्या सर्व्हरकडे जाऊन रात्रीचं जे काही साठलंय ते घेऊन येतो आणि एकेक करून टॅलीला देतो, टॅलीनं हो म्हटलं की मगच रांगेतून काढतो. आत जाण्याचा रस्ता बाहेरून उघडत नाही, दुकानातूनच बाहेर विचारायला जायचं. आणि उलट दिशेनं, म्हणजे टॅलीत काय बदललं ते वेबसाइटला कळवायचं असेल तर टॅली प्रत्येक व्हाउचरला एक आल्टर आयडी देते जो बदल झाला की वाढतो, मागचा शेवटचा नंबर लक्षात ठेवून त्याच्या पुढचे तेवढे मागायचे, अख्खं वर्षाचं डेबुक, म्हणजे रोजच्या नोंदींची यादी, दर दहा मिनिटांनी ओढायची गरज नसते. मी पाहिलंय की असं अख्खं डेबुक ओढणाऱ्या जोडणीमुळे दिवसभर टॅली अडकते आणि बिलाला उभं असलेलं गिऱ्हाईक ताटकळतं, आणि मालक समजतो की कॉम्प्युटर जुना झाला.

रक्कम आणि तारीख या दोन गोष्टींवर पण जरा लिहितो कारण पैशाचं नुकसान इथंच होतं. रेझरपेसारख्या गेटवेच्या निरोपात रक्कम पैशांत येते. ११,८०० रुपये आले तर निरोपात ११८०००० लिहिलेलं असतं. शंभराने भागायचं राहिलं तर पार्टीच्या खात्यावर अकरा लाख ऐंशी हजार जमा. हे मोठ्या रकमेत लगेच डोळ्यात भरतं, पण ४५ रुपयांच्या कुरिअर चार्जचे ४५०० झाले तर वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. तारखेचं तर त्याहून अवघड. हे सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात जी आपल्या साडेपाच तास मागे आहे. १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी आलेले पैसे त्यांच्या घड्याळात ३१ मार्चच्या रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांनी आलेले असतात. प्रोग्रॅमने तीच तारीख तशीच उचलली तर नवीन वर्षाची पावती जुन्या आर्थिक वर्षात जाऊन बसते, आणि ते लक्षात येतं तेव्हा ताळेबंद सीएकडे जाऊन आलेला असतो. दर महिन्याच्या शेवटच्या तारखेलाही हेच होतं आणि मग त्या महिन्याचं पार्टीचं स्टेटमेंट तिच्या वहीशी जुळत नाही.

आणि एक अकाउंट्सची गोष्ट, जी प्रोग्रॅमरला कुणी सांगत नाही आणि अकाउंटंटला कुणी विचारत नाही. पैसे जमा झाल्याचा निरोप म्हणजे बँकेत पैसे आले असं नाही! गिऱ्हाइकाने गेटवेला दिले, एवढंच झालं. गेटवे आपली फी आणि त्यावरचा जीएसटी कापून, साधारण दोन-एक कामाच्या दिवसांनी, बऱ्याच पेमेंटचे मिळून एकत्र पैसे बँकेत टाकतो. समजा पार्टीने १०,००० दिले आणि फी दोन टक्के असेल तर २०० फी, तिच्यावर १८ टक्क्यांनी ३६ जीएसटी, बँकेत येणार ९,७६४. जोडणीवाल्याने निरोप आल्या आल्या बँक खात्याला १०,००० नावे टाकून दिले तर बँक रिको, म्हणजे वहीची बँक स्टेटमेंटशी मिळवणी, कधीच जुळणार नाही, आणि ते ३६ रुपये जे आपल्याला जीएसटीचं क्रेडिट म्हणून मिळायचे ते वर्षभर गळत राहणार. यासाठी गेटवेच्या नावाचं एक वेगळं लेजर म्हणजे खातं उघडायचं. पेमेंटचा निरोप आला की गेटवे नावे, पार्टी जमा. सेटलमेंटचा, म्हणजे गेटवेनं बँकेत पैसे टाकल्याचा, निरोप आला की बँक नावे, फी नावे, इनपुट जीएसटी नावे, आणि गेटवे जमा. त्या लेजरला जी बाकी दिसेल ती म्हणजे गेटवेकडे अडकलेले आपले पैसे, रोज सकाळी एक नजर टाकली की कळतं. पार्टीची पावती टाकताना बिलाचा नंबर लावून अगेन्स्ट रेफ (त्या बिलापोटी) टाकायची, ऑन अकाउंट (कुठल्याच बिलाला न लावता) टाकली तर पैसे येऊनही बिल थकीत दिसत राहतं.

हे "थकीत दिसत राहतं" म्हणजे काय ते एका उदाहरणानं सांगतो आणि मग मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या भागात ठिबकचे पाइप, व्हॉल्व्ह, फिल्टर विकणारे एक घाऊक व्यापारी आहेत, खेड्यापाड्यातले दुकानदार त्यांच्याकडून उधारीवर माल नेतात आणि हंगाम झाला की लिंकवरून पैसे भरतात. एका जोडणी करणाऱ्यानं त्यांना आपोआप एंट्रीची सोय करून दिली होती. गेटवे कुठला आणि जोडणी कुणाची ते सांगत नाही. झालं असं की मधल्या सर्व्हरचं एसएसएल सर्टिफिकेट, म्हणजे त्याची ओळख पटवणारा मुदतीचा दाखला, संपलं, ते नवीन करायला कुणी नव्हतं, निरोप नाकारले जाऊ लागले. गेटवेनं ठरलेल्या वेळेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न केला आणि मग तो पत्ता बंद करून टाकला. तसं केल्याचा मेलही पाठवला. तो मेल गेला जोडणी करून देणाऱ्याकडच्या एका मुलाच्या पत्त्यावर, आणि तो मुलगा ती नोकरी सोडून पुण्याला गेलेला. इकडे टॅलीत थकबाकी दिसतेय म्हणून व्यापाऱ्याचा मुनीम ज्यांनी पैसे भरलेत त्याच दुकानदारांना फोन करतोय, पैसे कधी देणार. एका वयस्कर दुकानदारानं तर गाडी करून येऊन मोबाइलवरचा मेसेज टेबलवर ठेवला, म्हणाले एवढी वर्षं व्यवहार केला, कधी एक रुपया बुडवला नाही, आणि आता तुम्ही चारचौघात मला थकबाकीदार म्हणताय. तो माणूस परत त्यांच्याकडे माल न्यायला आलेला नाही.

यात तंत्रज्ञान चुकलं का? नाही. गेटवेनं जे करायचं ते केलं, प्रयत्न केला, बंद केलं, कळवलं. रेझरपेचंच बघा, सलग २४ तास निरोप पोचला नाही तर ते पत्ता बंद करतात आणि सेटअपच्या वेळी जो अलर्ट मेल दिला असेल त्यावर कळवतात. झीरोही २४ तासांपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. सगळा घोळ त्या एका रकान्यात आहे, अलर्ट मेल कुणाचा. तिथं मालकाचा मेल टाकायला दहा सेकंद लागतात. ते कुणी करत नाही, कारण सेटअप करणारा स्वतःच्या सोयीनं स्वतःचा मेल टाकतो आणि मालकाला तो रकाना आहे हेच माहीत नसतं. सिक्रेटही त्याच्याकडेच, सर्व्हरचा पासवर्डही त्याच्याकडेच, डोमेन म्हणजे वेब पत्त्याचं नावही त्याच्याच नावावर. वह्या मालकाच्या पण किल्ली दुसऱ्याकडे, आणि तो दुसरा फोन उचलत नाही.

म्हणून माझं जोडणी करून देणाऱ्या सगळ्यांना सांगणं आहे, आणि यात माझ्या ओळखीचे पण बरेच आहेत, की काम संपताना मालकाच्या हातात एक पान मराठीत द्या. त्यावर निरोप कुठल्या पत्त्यावर येतात, कुठल्या कुठल्या घटनांचे येतात, अलर्ट कुणाला जातो, सर्टिफिकेट आणि डोमेन कधी संपतं, आणि तुम्ही उद्या हे काम सोडलंत तर दुसऱ्या कुणी कुठून सुरुवात करायची. सिक्रेट त्या कागदावर लिहू नका, तो मालकाच्या लॉगिनमध्ये राहू द्या, आणि तुमचा माणूस सोडून गेला की बदला. सगळ्याच घटनांचे निरोप चालू करून ठेवू नका, लागतात तेवढेच घ्या, नाहीतर रांगेत कचरा साठतो आणि कामाचा निरोप त्यात हरवतो. आणि वेबहूक कितीही चांगला बसवला तरी रात्री एकदा उलट तपासणी लावाच, आज गेटवेकडे किती पेमेंट झाली आणि टॅलीत किती पावत्या पडल्या, फरक असेल तर मालकाच्या मोबाइलवर मेसेज. क्विकबुक्समध्ये तर मागच्या ३० दिवसांत काय काय बदललं ते एकदम विचारायची सोय दिलेलीच आहे, म्हणजे निरोप चुकू शकतो हे त्यांनी धरलेलंच आहे. आपण का धरत नाही?

पुण्यात आणि नाशकात कितीतरी मराठी मुलं-मुली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी याच जोडण्यांचं काम करतात. त्यांना सही तपासणं, रांग लावणं, डबल निरोप ओळखणं, रात्रीची तपासणी हे सगळं येतं, कारण तिकडचं गिऱ्हाईक त्याशिवाय पैसे देत नाही. तीच मुलं सुट्टीत गावी येऊन मामाच्या दुकानाची जोडणी करून देतात तेव्हा यातलं निम्मं सोडून देतात, "मामाला एवढं कशाला लागतंय" म्हणून. मामाला जास्त लागतं. तिकडच्या कंपनीकडे चूक शोधायला अकाउंट्सचा अख्खा विभाग असतो, मामाकडे मामीशिवाय कुणी नसतं.

करसल्लागार आणि सीए मंडळींनाही विनंती आहे. तुम्ही वर्षातून एकदा बँक स्टेटमेंट मागता, तसं जिथं आपोआप एंट्री आहे तिथं गेटवेच्या लेजरचं सेटलमेंट रिपोर्टशी दर महिन्याला, जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राच्या ११ तारखेच्या आधी, मिळवणी मागा. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे, आणि १० कोटी व त्याच्या वरच्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर नोंदवावंच लागतं. जिथं वेबसाइटवर बिल तयार झालं की निरोप जाऊन आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा पोर्टलवरचा नंबर) काढला जातो तिथं तो निरोप हरवला आणि ३० दिवस उलटून गेले तर पोर्टल ते बिल घेतच नाही, आणि मग समोरच्या खरेदीदाराचं क्रेडिट अडतं आणि तो पैसे रोखून धरतो. त्यामुळे हा काही फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा विषय राहिलेला नाही. आमच्याकडच्या कॉमर्स कॉलेजांत टॅली शिकवतात, व्हाउचर कसं टाकायचं ते मुलांना पाठ असतं, पण आता एंट्री माणूस टाकतच नसेल तर न पडलेली एंट्री कशी शोधायची ते शिकवायला हवं, एक-दोन तासांचं प्रात्यक्षिक पुरेल.

पेमेंट आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअर कंपन्यांकडे एक मागणी. पत्ता बंद करताना नुसता एक इंग्रजी मेल पुरत नाही. ज्या नंबरवर तुम्ही मालकाला ओटीपी पाठवता त्याच नंबरवर मराठीत मेसेज पाठवा की तुमच्या हिशोबाकडे जाणारे निरोप थांबलेत. आणि झीरोसारखी चुकीच्या सहीची परीक्षा सगळ्यांनी सुरू करावी, ती पास झाल्याशिवाय पत्ता चालूच होऊ देऊ नये.

आणि व्यापाऱ्यांना, ज्यांच्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिलंय. जोडणीचे शेवटचे पैसे द्यायच्या आधी बसवणाऱ्याला समोर बसवून एवढं करून बघा. टॅलीचा कॉम्प्युटर बंद करा, स्वतःच्या मोबाइलवरून एक छोटं पेमेंट करा, तासाभरानं कॉम्प्युटर चालू करा. पावती एकदाच पडली का, रुपयांतच पडली का, तारीख बरोबर आहे का, बिलाला लागली का आणि गेटवेच्या खात्यातच गेली का बघा. मग त्याला सांगा की मधला सर्व्हरच बंद कर आणि अजून एक पेमेंट करा. निरोप अडकल्याचं तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर किंवा मेलवर कळलं पाहिजे, त्याच्या नव्हे. सर्व्हर परत चालू केल्यावर ती राहिलेली पावती कुणी हात न लावता पडली पाहिजे. शेवटी त्याला खोट्या सहीचा एक निरोप पाठवायला सांगा, त्यावर पावती पडता कामा नये. यातलं एक जरी झालं नाही तरी पैसे राखून ठेवा आणि काय राहिलं ते लिहून घ्या.

आपला,
अकाउंट्स आणि सॉफ्टवेअर जोडणीचं काम करणारा एक वाचक,
सांगली